झुलाल आबाचा नकार

१९०६ साली सरकारने खानदेशाचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम. तेव्हा उतारखेड्याच्या झुलाल भोयाला विशीही पुरती लागली नव्हती. अनेर नदी तापीला मिळते तिथे, संगमाच्या काठावर त्याचं गाव. नवी हद्द कुठून जाते हे सांगायला एक कारकून आला आणि झुलालच्याच नावेत बसून, हात लांब करकरून त्याने अलीकडचं पलीकडचं दाखवलं. झुलालने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की पूर आला तर त्याने कोणत्या जिल्ह्यात अर्ज करायचा. कारकून हसला नाही. कारकून सहसा हसत नाहीत. पण हा प्रश्न पुढे पंचवीस वर्षं दोन्ही काठांवर सांगितला जायचा, आणि झुलालला तो ऐकून दर वेळी नव्याने आनंद व्हायचा.

त्याचं काम उतारूंना तापीपार करायचं. पलीकडे अमळनेरचा बाजार, रेल्वेचं स्टेशन, कोर्टकचेऱ्या. अलीकडे शेतं आणि सातपुडा. नाव कोणीही हाकेल. दोन दंड आणि एक वल्हं असलं की झालं. झुलालचा मान होता तो त्याच्या नकाराला. पाणी पाहून तो सांगायचा, आज बंद. मग पलीकडे कोणाचं लगीन असो, कोणाची तारीख असो, नाव हलायची नाही. तसं तो ओरडून सांगत नसे. आपली छोटी डोंगी काठावर पालथी घालून ठेवायचा, बस. डोंगी पालथी दिसली की बैलगाडीवाले दुरूनच बैल सोडायचे आणि बायका झाडाखाली भाकरी काढून बसायच्या. एकदा मोठ्या जमीनदाराचं वऱ्हाड असं दीड दिवस बाभळीखाली ताटकळलं होतं. नवरदेवाच्या बापाने शिव्या दिल्या, दुप्पट द्यायची बोली केली, शेवटी हातही जोडले. झुलालने त्याला तंबाखू दिली आणि डोंगी होती तशीच राहू दिली.

सबंध हयातीत त्याच्या नावेतून एक माणूस बुडालं नव्हतं. त्याच्याकडे जमीन नव्हती, घर कुडाचं होतं, आणि बायको भागाबाई लेकरू दोन वर्षांचं असताना पटकीत गेली होती. होतं ते एवढंच, की झुलालने पाण्याबद्दल सांगितलं म्हणजे ते खरं. माणसाला एखादी गोष्ट पुरे होते. त्याला ही पुरली होती.

दुसरं होतं ते लेकरू. यशोदा. बाप नाव हाकायचा तेव्हा ही पोटाला दोन सुके भोपळे बांधून नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेत बसलेली असायची. चालायला आणि पोहायला एकाच वर्षी शिकली. पोरगी लग्नाची झाली तेव्हा तिला दूर द्यायच्या विचाराने झुलालची झोप उडाली, आणि शेवटी त्याने चार लोक करतात ती चूक केली, घरजावई आणला. शिंदखेड्याकडचा छगन, मागेपुढे कोणी नसलेला. अंगाने चपळ, जिभेने त्याहून चपळ. तीन वर्षांत तो नाव अशी हाकायला लागला की बघत राहावं. झुलाल त्याला पाणीही शिकवत होता. रोज पहाटे काठावर नेऊन विचारायचा, आज काय दिसतं. छगन पटकन काहीतरी सांगायचा, आणि ते बहुतेक वेळा झुलालला आवडेल असं असायचं. शिकवणाऱ्याने इथेच ओळखायला हवं होतं. पण जावयात खोट शोधत बसायला सासऱ्याची जात वेगळी लागते.

१९३१ च्या दसऱ्यानंतर भुसावळहून पार्कर साहेब आला. हा पार्कर इंजिनांच्या शेडमधला फोरमन, अर्धा गोरा, रेल्वेतलं खडखडीत हिंदी बोलणारा. बरोबर त्याचा मेहुणा टॉमी, बाविशीतला, सदा शीळ घालणारा. अमळनेरला गाडीतून उतरून त्यांनी दोन बैलगाड्या केल्या. एका गाडीत तंबू, दुसऱ्या गाडीत दोन लांबोळ्या पिशव्या. त्या पिशव्यांमधून साहेबाने काड्या काढल्या, त्या एकमेकींत खुपसल्या, वर जाड रबरी कापड ताणलं, आणि बघता बघता दोन माणसांची निमुळती होडी तयार झाली. सगळं गाव काठावर गोळा. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. म्हातारा पुना जवळ गेला, बोटाने कापड दाबून पाहिलं आणि म्हणाला की ही तर छत्रीची होडी दिसते. तिला पुढे तेच नाव पडलं.

साहेबाला पाच दिवस राहायचं होतं आणि सासूच्या डोहातला महाशीर मासा गळाने काढायचा होता. सासूचा डोह संगमाच्या खाली आहे. वरून गार, गप्प, हिरवा; आतून खडकाच्या कपारींनी भरलेला. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणारा संसारी असावा. साहेबाने पाटलाकडे चौकशी केली की इथलं पाणी कोणाला कळतं. पोलीस पाटील भाईदास यांनी दुसरा विचारही न करता झुलालला बोलावणं धाडलं.

झुलालने आधी तंबू हलवायला लावला. साहेबाने तो दोन नद्यांच्या मधल्या वाळूवर ठोकला होता, जागा मऊ आणि देखणी म्हणून. झुलालने सांगितलं की वाळूवर निजणारा माणूस नदीच्या ताटात निजतो. साहेब कुरकुरला. दसरा झाला, पाऊस गेला, आभाळ निरभ्र, मग काय भीती, असं त्याचं म्हणणं. झुलालने काठावरच्या निंबाच्या खोडाला, डोक्याच्याही वर, अडकलेला वाळका काडीकचरा दाखवला. तो गेल्या पावसाळ्यातला नव्हता, त्याच्या आधीच्या दिवाळीतला होता. साहेबाने मान वर करून तो कचरा बराच वेळ पाहिला आणि गड्यांना तंबू काढायला सांगितलं. याच गोष्टीने तो झुलालच्या मनातून उतरायचा वाचला.

मग दोघांनी एक सबंध दिवस डोंगीतून फिरून पाणी आखलं. झुलाल बांबू टाकून खोली सांगायचा, इथे कमरेएवढं, इथे पुरुषभर, इथे दोन पुरुष, इथे बांबू टेकतच नाही. साहेब वहीत लिहून घ्यायचा आणि नकाशा काढायचा. खडकांजवळ आणि भोवऱ्याच्या तोंडाशी बांबू रोवून त्यांना यशोदाच्या जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या बांधल्या. जायच्या वाटेवर झुलालच्या धोतराच्या पांढऱ्या. तांबड्याच्या पलीकडे जायचं नाही. पाण्यावर ऊन पडल्यावर उतरायचं आणि गुरं घराकडे वळायच्या आत वर यायचं. डोहात होडी सोडायची तर तिला लांब दोर लावून त्याचं टोक काठावरच्या खुंटाला बांधायचं. मासा कितीही मोठा लागला तरी होडीत उभं राहायचं नाही. मासा गेला तर दुसरा येतो. आणि दोघांच्याही कमरेला दोन दोन सुके भोपळे. टॉमी भोपळे पाहून पोट धरून हसला. साहेबाने ते मुकाट्याने बांधून घेतले आणि मेहुण्यालाही बांधायला लावले.

सगळ्यात शेवटी झुलालने डोंगीची खूण सांगितली. सकाळी काठावर डोंगी पालथी दिसली तर तंबूत पत्ते खेळा. साहेबाने हेही लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आपल्या बोलण्यातलं एवढं कोणी कागदावर घेतलेलं झुलालने पहिल्यांदा पाहिलं. तो घरी आला तो जरा ताठ चालतच आला, आणि यशोदाने त्याला त्यावरून चिडवलंदेखील. तिला सातवा महिना होता. त्या दिवसांत घरात हसणं फार होतं.

छगनही खुशीत होता, पण त्याचं कारण निराळं. साहेबाच्या तंबूत पाणी भरता भरता त्याने त्याच्याशी सूत जमवलं होतं. शेडमध्ये इंजिनं पुसायला खलाशी घ्यायचे आहेत, तुझ्यासारखा चलाख गडी आला तर मी शब्द टाकेन, असं साहेब एकदा सहज बोलून गेला. साहेब लोक सहज बोलतात. छगनने मात्र ते बोलणं पदरात घट्ट बांधून ठेवलं. भुसावळ, पक्की चाळ, महिन्याचा पगार, आणि सासऱ्याच्या नावेवर जन्म काढायचा नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी एक दांडगा महाशीर साहेबाच्या गळाला लागला आणि दोरी तोडून गेला. साहेबाने त्या रात्री धड जेवणही घेतलं नाही. दुसरा दिवस रजेचा शेवटचा. छगनने मनाशी ठरवून टाकलं की साहेबाला हा मासा मिळाला तर आपल्याला भुसावळ मिळेल.

पाचव्या दिवशी झुंजुमुंजू झाल्यावर झुलाल काठावर गेला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. तापीचं पाणी कालच्यासारखंच. अनेरच्या तोंडाशी मात्र त्याने रोवलेला बांबू दोन बोटं जास्त भिजला होता. पाण्यावर सागाची पानं येत होती, आणि ती वाळकी नव्हती. हिरवी, देठासकट, कुठे कुठे डहाळीसकट तुटलेली. लहान मासळी काठाशी उथळात दाटीवाटीने आली होती. रात्री सातपुड्यात झाडं पिळवटून काढणारा पाऊस झाला होता. त्याचं पाणी अजून वाटेत होतं.

झुलालने यशोदाला हाक मारली. पोटुशी म्हणून तू हात लावू नकोस, नुसती टेकूची काठी धर, असं तो म्हणाला, पण तिने ऐकलं नाही. बापलेकीने डोंगीला दोन बाजूंनी धरून ती पालथी घातली. तोवर छगन डोळे चोळत आला.

"छगन, साहेबले सांगी दे, आज पाणी बंद शे. कोणी उतरानं नही," झुलाल म्हणाला.

छगनने मान हलवली. यशोदा तिथेच उभी होती, लुगड्याला ओले हात पुसत. झुलाल लगबगीने अनेरच्या काठाने वर निघाला, कारण गुराखी सकाळीच गुरं घेऊन पात्रात उतरत, आणि त्यांना वर काढणारं दुसरं कोणी नव्हतं.

दोन कोस वर जाऊन त्याने तीन कळप काठावर घेतले. शेवटच्या कळपामागे धावताना त्याने वरून येणाऱ्या लोंढ्याची घरघर ऐकली. मग तो जो माघारी फिरला तो पाण्याच्या बरोबरीनेच. छाताडात श्वास मावत नव्हता, पण मनाला घोर नव्हता. साहेब शहाणा आहे, खूण त्याच्या वहीत आहे, निरोप घरच्या माणसाने दिलेला आहे. पत्ते खेळत बसले असतील.

वळणावरून त्याला आधी डोंगी दिसली. ती सुलटी होती.

मग डोह दिसला, आणि त्यात ती छत्रीची होडी. अनेरचा लोंढा मातकट, छातीएवढा, झाडंझुडपं घेऊन संगमात शिरला. तांबड्या चिंध्यांचे बांबू एकामागून एक आडवे झाले. होडी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि तिचं कापड कुठे गेलं ते कळलंही नाही. झुलालने कमरेला भोपळे आवळले, दोराचं टोक निंबाला मारलं आणि उडी घेतली. पंचेचाळिशीच्या माणसाने घेऊ नये अशी ती उडी होती. साहेब त्याला भोपळ्यांमुळेच सापडला, डोकं वर ठेवून वाहत आलेला. टॉमीने मोठा मासा ओढायचा म्हणून भोपळे सोडून होडीत ठेवले होते. तो दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली, बाभळीच्या काट्यांत मिळाला. शीळ घालणारं ते पोर तसं पाहून झुलाल लहान मुलासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी चावडीवर फौजदार आला. गाव दारात, खिडकीत, भिंतीवर. साहेब खुर्चीत बसला होता, आणि मांडीवर ती वही, भिजून फुगलेली. त्याने आरडाओरडा केला नाही. तो एवढंच म्हणाला की डोंगी पालथी पाहून मी थांबलो होतो. छगनने सांगितलं की आबांनी ती तळाला डांबर लावायला पालथी घातली आहे, आणि पाण्यावर जायला हरकत नाही असं आबाच बोलून गेले आहेत. त्याने माझ्यासमोर ती सुलटी केली. मग साहेबाने झुलालकडे पाहिलं आणि विचारलं की मला इतकं सगळं शिकवलंस, मग शेवटच्या दिवशी जा का म्हणालास. त्याच्या विचारण्यात राग नव्हता. राग असता तर झुलालला सोपं गेलं असतं.

फौजदाराने छगनला पुढे घेतलं. छगन खाली बघत, पण न अडखळता बोलला. होय, आबांनीच जा म्हणून सांगितलं. डांबराचंही तेच बोलले.

केसाने गळा कापणं म्हणतात ते कसं असतं, हे झुलालला त्या घटकेला कळलं. तरीही तो पुरता हादरला नव्हता. जावई झाला तरी परक्याचं रक्त, भ्यालाय, नोकरी आणि तुरुंग दोन्ही एकदम दिसताहेत त्याला, असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने फौजदाराला शांतपणे सांगितलं की मी बंद म्हणालो होतो, आणि तेव्हा माझी लेक तिथे उभी होती. डोंगी पालथी घालायला तिने हात लावला आहे. तिला विचारा.

हे सांगताना तो जवळजवळ हसत होता. जगात कोणी काहीही बोलो, यशोदाला त्याने पाण्यावर वाढवलं होतं.

यशोदा आली. पदर कपाळावर, एक हात पोटावर. तिने बापाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. फौजदाराने प्रश्न दोनदा विचारला. बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं, त्याला आईने गप्प केलं.

"साहेबले जाऊ दे, म्हनीसन आबानीच सांगं," ती म्हणाली.

झुलालला वाटलं, आपण ऐकलं ते दुसऱ्याच कोणाचं. मग वाटलं की ती आत्ता मान वर करील आणि पुढचं बोलेल. तिने पदर आणखी पुढे ओढला. तिचे हात तो पाहत राहिला. त्याच हातांनी त्या पहाटे डोंगीची दुसरी बाजू उचलली होती. तो अजून झगडू शकत होता. पुनाने कदाचित पहाटे पाहिलं असेल, गुराखी सांगतील की आबा आम्हाला वर काढायला आले होते. पाणी येणार हे ज्याला ठाऊक आहे तो साहेबाला डोहात कशाला धाडील? एवढं बोललं असतं तर फौजदाराने ऐकलं असतं. आणि छगनच्या हातात बेड्या पडल्या असत्या, खोटं बोलली म्हणून पोटुशी लेकही गोत्यात आली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"पोर सांगस तेच खरं शे," झुलाल म्हणाला.

भाईदास पाटलांनी मान फिरवली. त्यांना हे पटलेलं नव्हतं, पण माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय तिथे पाटील काय करणार. पंचनाम्यावर अंगठा उठला. अपघात असा शेरा पडला, तुरुंग टळला, मात्र बेफिकिरीबद्दल उताराचा परवाना झुलालच्या नावावरून गेला. दुसरं कोणी नाव हाकणारं गावात नव्हतं, म्हणून तो छगनच्या नावे झाला. साहेब जाताना कोणाशीच बोलला नाही. भुसावळच्या शेडमधली नोकरी त्याच्याबरोबर बैलगाडीत बसून निघून गेली, तेव्हा ज्या भुसावळसाठी छगनने हे सगळं केलं ते त्याला मिळालंच नाही. मिळाली ती सासऱ्याची नाव.

झुलालने कुडाच्या घरात लेकीजावयाला राहू दिलं आणि स्वतः काठावर निंबाखाली खोपट घातलं. कोणी विचारलं तर सांगायचा की म्हातारपणी उघड्यावर झोप बरी लागते. लोक सुरुवातीला वरवर बोलायचे, मग तेही कमी झालं. आधी बैलगाडीवाला नदीवर आला की पहिला सवाल झुलालला असायचा. आता सगळे त्याच्या अंगावरून पुढे जाऊन छगनला विचारायचे. एकदा परगावच्या एका म्हातारीने सवयीने त्याला विचारलं, तर तिच्या सुनेने तिचा हात ओढला आणि हळूच कानात काही सांगितलं. ते काय असेल हे कळायला ऐकू यावं लागत नव्हतं. एका माणसाला बुडवणारा भोई. तो पाय जवळ घेऊन जाळी विणत बसायचा. कधीकधी त्याला इतका संताप यायचा की हातातली गाठ चुकायची, आणि ती तो पुन्हा पुन्हा सोडवायचा.

यशोदाला मुलगा झाला. नाव वना ठेवलं. बारशाला झुलाल गेला, पाळण्याला हात लावला आणि जेवून परत आला. लेक भाकरी घेऊन रोज खोपटाशी यायची, ठेवायची, जायची. तीन वर्षं हे असं चाललं. त्या दिवसाबद्दल ना ती बोलली, ना त्याने विचारलं. तिने एकदा तरी आपण होऊन म्हणावं, आबा, चुकलं, एवढ्यावर त्याचा जीव टांगलेला होता. एवढं म्हटलं असतं तर त्याने पुढचं ऐकूनही घेतलं नसतं.

चौथ्या वर्षी, असेच दसऱ्यानंतरचे दिवस. अमळनेरच्या बाजाराचा वार, काठावर पंधरावीस माणसं, गाठोडी, दोन शेळ्या. छगन नावेपाशी उभा राहून लोकांना बसवत होता. यशोदा वनाला कडेवर घेऊन निघाली होती. पोराला डोळे आले होते, पलीकडे वैद्याला दाखवायचं होतं. ती नावेकडे न जाता वाकडी वाट करून खोपटाशी आली. भाकरी आधीच देऊन झाली होती, म्हणून झुलालने वर पाहिलं.

"आबा, पाणी कसं शे?" तिने हळू आवाजात विचारलं.

झुलालच्या हातातली सुई थांबली. तीन वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. आणि विचारला तो हिने, पाठ लोकांकडे करून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. तिचा नवरा तिकडे लोकांना खुशाल नावेत चढवत होता आणि त्याची बायको स्वतःच्या पोराला त्या नावेत ठेवायच्या आधी इथे विचारायला आली होती.

"मी तं 'जा'च सांगस. बठ्ठा गावले ठाऊक शे," तो म्हणाला.

यशोदा जागची हलली नाही. वना चिकट डोळ्यांनी आजोबांकडे पाहत होता. झुलालला तापीकडे बघायची गरज नव्हती. पहाटेच पाहून ठेवलं होतं. परवाना गेला तरी पहाट चुकत नाही.

"आज नको जाऊ, माय. कोणीच नको," तो म्हणाला.

तिने का म्हणून विचारलं नाही. किती पाणी येईल, कधी येईल, काहीच नाही. तशीच वळली, नावेशी गेली, छगनशी दोन शब्द बोलली. छगनने एकदा खोपटाकडे पाहिलं आणि घाईने नजर काढून घेतली. मग मोठ्याने सांगितलं की नाव गळते आहे, आज बंद. लोक कुरकुरले. एकाने चार शिव्या घातल्या. छगन ठाम राहिला. तिसऱ्या प्रहरी अनेर दोन्ही काठ भरून आली आणि सकाळी जिथे नाव उभी होती तिथे एक आख्खं झाड मुळांसकट गरगरत गेलं.

संध्याकाळी यशोदा एकटी आली. पोर झोपलं होतं. झुलालने जाळी बाजूला ठेवली. आता ती म्हणेल, असं त्याला वाटलं. न राहवून त्यानेच विचारलं की तुझा माझ्या शब्दावर एवढा भरवसा होता, तर चावडीवर तसं का बोललीस.

तिने एकदा नावेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही सोसी लेशात, हाई माले ठाऊक व्हतं. त्यासले नही सोसावतं."

चुकलं, असं ती म्हणाली नाही. तिच्या लेखी ते चुकलंच नव्हतं. दोन माणसांतला जो टिकेल त्याच्यावर तिने भार टाकला होता, नावेत टाकतात तसा. झुलालला वाटलं होतं की ती भीतीपोटी बोलली, घाबरून, रडत, नाइलाजाने. तीन वर्षं तो तिच्या त्या भीतीला मनातल्या मनात माफी देत आला होता. ती तर मोजूनमापून बोलली होती. हे ऐकण्यापेक्षा फौजदाराने नेलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं आणि तसं तो तिला म्हणालाही. तिने खाली वाकून भाकरीचं रिकामं फडकं उचललं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी भाईदास पाटील काठावर आले. छगनच्या पाठीवर थाप मारून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पोरगा तयार झाला, गळतीचं निमित्त करून काल वीस माणसं वाचवली, पाणी वाचावं तर यानेच. लोकांनी माना डोलावल्या. छगन लाजल्यासारखा हसला. मग पाटील जाता जाता खोपटाशी थांबले आणि झुलालला बऱ्या मनाने म्हणाले की जावयाने तुमचं नाव काढलं हो, आबा. झुलालने तंबाखूची चंची पुढे केली.

त्यानंतर भाकरी सकाळी लवकर यायला लागली, पहिली नाव सुटायच्या आधी. यशोदा फडकं ठेवायची आणि पदर सावरत विचारायची, पाणी कसं शे. उत्तर द्यायचं नाही असं झुलाल रोज रात्री ठरवायचा. आणि सकाळी तिच्या खांद्यावरून त्याला काठ दिसायचा, तिथे कोणी म्हातारी शेळीला ओढत नावेत चढवत असायची, कोणी लहान पोर सर्वांत आधी नाळेत जाऊन बसलेलं असायचं. तो लेकीकडे न बघता सांगून टाकायचा, आणि छगन ते गावाला सांगायचा.